माझी अमेरिकन

शनिवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास, जर्मनीतल्या अमेरिकन लष्कराच्या टपाल-तपासणी कचेरीत, एल्मा रॅटकेनं त्या दिवसातलं चाळिसावं-एकेचाळिसावं पाकीट कात्रीनं उघडलं आणि आतल्या कागदावर तिची स्वतःशीच गाठ पडली. आधी ते तिच्या लक्षात आलं नाही. पाकिटावर पाठवणारीचं नाव कुणा फ्राउ डिलचं होतं. पत्र हानोफरला, इंग्रजांच्या हद्दीत राहणाऱ्या लीना नावाच्या बहिणीला होतं. सुरुवात सगळ्यांच्या पत्रांची असते तशीच. थंडी हटत नाही, बटाटे गोठून काळे पडले, पावाच्या रांगेत एक म्हातारा उभ्या उभ्या गेला. दीड पानानंतर 'माझी अमेरिकन' सुरू झाली. माझी अमेरिकन जर्मन बोलते ते आपल्या आजीकडच्या दूधवालीसारखं. माझी अमेरिकन दर वाक्याला आभार मानते, इतके की थोबाडीत द्यावीशी वाटते. आठवड्यातून दोनदा आंघोळ करते आणि टबात रडते, नळ सोडून, म्हणजे मला कळू नये. एल्माला हसू आलं. कोण बिचारी असेल, असं मनात येतंय तोच पुढची ओळ आली : बैठकीतल्या शेगडीची हिरवी फरशी मागच्या आठवड्यात तिच्याच हातून तडकली, तिनं दहा वेळा माफी मागितली आणि वर कागदाची पट्टी चिकटवली. तपासलेली पाकिटं पुन्हा बंद करायची ती पट्टी एल्मानं याच टेबलावरून नेली होती. मग तिनं अक्षर पाहिलं. ते रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या चिठ्ठीवर दिसायचं. दूध नाही, मीठ आणा, मोजे सुकले. अक्षर तिच्या घरी काम करणाऱ्या फ्राउ श्टेगमानचं होतं; डिल हे नाव खोटं.

पाकिटं उघडायला ती सरावली होती. दहा महिन्यांत तिनं लोकांचे नवरे, गळवं, भांडणं, बाळंतपणं एवढी वाचली होती की पत्र म्हणजे आता तिच्या लेखी डोळ्याखालून जाणारं पाणी होतं. पण हे वाचताना तिचे कान तापले. पुढे लिहिलं होतं : क. ला आता बरं आहे. खोकला कमी झालाय. तळघरात शेगडीच्या नळाची ऊब येते. त्याला दिवसभर काही काम नाही, तो वर हिची पावलं ऐकत बसतो. ही आज थकली आहे, आज हिला घरून पत्र आलंय, असं सांगतो आणि ते खरं निघतं. भिऊ नकोस लीना. तिला कळलं तरी ती बोलणार नाही. आपण सगळ्यांना आवडावं असं तिला फार वाटतं. अशी माणसं घात करत नाहीत.

"काय सापडलं गं?" शेजारच्या टेबलावरून इल्से म्हणाली. "तोंड बघ तुझं."

"काही नाही. कुणाचा तरी कुत्रा मेलाय."

"खाल्ला असेल," इल्से म्हणाली आणि पुन्हा खाली मान घातली.

इल्से लाँडाउ याच शहरातली, ज्यू घरातली. सतरा वर्षांची असताना एकटी बाल्टिमोरला मावशीकडे गेली आणि आता अमेरिकन पासपोर्ट घेऊन, अमेरिकन पगारावर, आपल्याच गावची पत्रं वाचायला परत आली होती. आईबापांना एकेचाळीस साली पूर्वेकडच्या गाडीत घातलं. त्यानंतर एक कार्ड आलं, 'आम्ही बरे आहोत' एवढंच. बाकीचे पत्रं वाचायचे. इल्से ती फणीनं विंचरल्यासारखी विंचरायची. दडलेलं माणूस, बदललेलं नाव, कुठे एखादं एकटं अक्षर आणि पुढे टिंब, की ती नोंदीचा पिवळा कागद ओढायची आणि वरच्या मजल्यावर पाठवायची. एल्माच्या हाताशीही पिवळ्या कागदांचा गठ्ठा होता. तिनं वरचा कागद सरळ केला. त्याची कड टेबलाच्या कडेशी जुळवली. तारीख लिहिली. मग घड्याळात पाहिलं, अकराला दहा. पावणेबाराला इल्से हात धुवायला गेली तेव्हा पत्र एल्माच्या पिशवीत होतं, आणि ते तिथे नेमकं कधी गेलं हे तिला शपथेवर सांगता आलं नसतं.

एकला कचेरी सुटली. ट्रॅम अर्ध्या वाटेपर्यंतच जात होती, पुढे पंधरा मिनिटं चढ. दोन्ही बाजूंना घरांच्या जागी बर्फाचे ढीग होते. चढावरचं मात्र सगळं शाबूत होतं आणि त्यातलं सातवं घर श्टेगमानांचं. अमेरिकन लष्करानं ते पंचेचाळीस साली ताब्यात घेतलं, पुढे एल्माला राहायला दिलं आणि मालकिणीला मोलकरीण म्हणून स्वयंपाकघरालगतच्या खोलीत राहू दिलं. दार उघडल्यावर एल्मानं उंबऱ्यातच बूट काढले. हातात बूट घेऊन ती मोज्यांवर आत आली. लाकडी जमीन बर्फासारखी होती. तीन पावलं टाकून ती थांबली. घर गप्प होतं. दहा महिने ते असंच गप्प असायचं आणि तिला त्याचं बरं वाटायचं. आता त्या गप्पपणाला खालून कुणीतरी धरून ठेवलंय असं तिला वाटलं. मग आणखी एक गोष्ट लक्षात आली. दार वाजलं, ते त्यानं ऐकलं असणार. आणि त्यानंतर पावलं नाहीत. म्हणजे आपण चोरून चालतोय हे त्याला आत्ताच कळलं. ती खाली बसली, बूट पुन्हा चढवले, नाड्या बांधल्या आणि रोजच्यासारखी चालू लागली. पण रोज आपण कशा चालतो? खुंटीपर्यंत किती पावलं, मग खिडकीपाशी जातो की आधी शेगडीपाशी? ती गेली, आली, पुन्हा गेली. जिना चढली आणि विनाकारण उतरली. स्वतःच्या चालीची नक्कल स्वतःलाच जमेना.

लहानपणी एकदा असंच झालं होतं. अमेरिकेत, शेबॉयगनमध्ये, ती सात वर्षांची असताना, पहिल्या युद्धाच्या शेवटच्या वर्षी. सकाळी उठून पाहिलं तर घराच्या दारावर कुणीतरी पिवळ्या रंगाचे फराटे मारले होते. जर्मनांच्या दारावर मारत तसे. आजी खिडकीशी उभी राहून आपल्या पोमेरानियन जर्मन बोलीत शिव्या देत होती आणि वडील तिला गप्प करत होते. "आई, हळू. रस्त्यावर ऐकू जातंय." त्या दिवसापासून घरात जर्मन बंद. वडील शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे बघून दुरूनच हसायचे, ओळख असो नसो. एल्माही हसायला शिकली. शाळेत, चर्चमध्ये, पुढे स्वतः शाळेत शिकवताना वर्गासमोर. आई गेली, शाळा कंटाळवाणी झाली, आणि सरकारी नोकरीच्या अर्जात 'जर्मन येतं का' या प्रश्नापुढे तिनं मोठ्या अक्षरात 'हो' लिहिलं. इकडे येताना बोटीत तिनं ठरवलं होतं की आपण बाकीच्यांसारखं जिंकल्याच्या तोऱ्यात वागायचं नाही. तिला ते चांगुलपण वाटलं होतं. आता पिशवीतल्या कागदावर त्याला दुसरंच नाव पडलं होतं.

तीनच्या सुमारास मागचं दार वाजलं. फ्राउ श्टेगमान पावाच्या रांगेतून आली. तिनं शाल झटकली, थेट तळघराचा जिना उतरली आणि बऱ्याच वेळानं कोळशाची बादली घेऊन वर आली. पन्नाशीची उंच बाई, केस घट्ट बांधलेले, हात लाल. तिनं सूप गरम केलं, बशी एल्मापुढे ठेवली आणि सहज म्हणाली, "आज फार येरझाऱ्या घातल्यात फ्रॉलाइन. पाय दुखतील."

एल्मानं चमचा खाली ठेवला. "तुम्ही तर रांगेत होता."

फ्राउ श्टेगमानचा हात बादलीच्या कडीवर तसाच राहिला. चूक दोघींच्याही एकाच क्षणी लक्षात आली होती. एल्मानं पिशवी उघडली आणि पत्र सूपच्या बशीशेजारी ठेवलं. फ्राउ श्टेगमाननं ते उचललं नाही. अक्षर ओळखायला उचलण्याची गरज नव्हती. तिनं खुर्ची ओढली आणि ती बसली. स्वतःच्या घरात, स्वतःच्या खुर्चीवर, एल्मासमोर ती दहा महिन्यांत पहिल्यांदाच बसत होती.

"सगळं वाचलंत?"

"हो."

"थोबाडीचं ते... माणूस बहिणीला काहीबाही लिहितं."

"ते राहू द्या," एल्मा म्हणाली. पण ते राहिलं नव्हतं. याही वेळी तिला प्रथम त्याच ओळीबद्दल विचारायचं होतं आणि त्याची तिला लाज वाटली. "क. कोण?"

तळघराच्या जिन्यावर चपला वाजू लागल्या. सावकाश, एकेक पायरी. दार उघडलं आणि एक माणूस आत आला. वाळलेला, दाढी केलेली, शर्टाला स्वच्छ कॉलर. दारातच थांबून त्यानं मान लववली.

"गुटेन टाग, फ्रॉलाइन रॅटके. कुर्ट श्टेगमान. हिला त्रास देऊ नका, हिचा दोष नाही."

"कुर्ट, खाली जा," बायको म्हणाली.

"आता कशाला?" तो म्हणाला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. बस असं त्याला कुणी म्हणालं नाही. तो थोडा खोकला. मग एल्माकडे बघून, ओळखीचं माणूस बऱ्याच दिवसांनी भेटावं तसा हसला. "उंच असाल असं वाटलं होतं. डाव्या पायावर जोर देता तुम्ही. मंगळवारी तुमच्या बहिणीचं पत्र येतं तेव्हा खिडकीपाशी फार वेळ उभ्या राहता. डिसेंबरात पाच दिवस तुम्ही वरच्या खोलीतून खालीच आला नाहीत. मी हिला म्हटलं, जाऊन बघ, ताप असेल."

ताप होताच. फ्राउ श्टेगमान त्या वेळी न बोलावता वर आली होती, लिंडनच्या फुलांचा काढा घेऊन. एल्मानं तेव्हा उशीत तोंड खुपसून आनंदानं रडून घेतलं होतं. आता तिच्या अंगावर काटा आला. आणि काट्याच्या जोडीनं आणखी काहीतरी आलं, जे तिनं पुढे कुणालाच सांगितलं नाही. पस्तीस वर्षांच्या आयुष्यात तिच्याकडे कुणीही एवढं लक्ष दिलं नव्हतं.

"तुम्ही कुठे होता?" तिनं विचारलं. "युद्धात."

"पोलंडमध्ये. पोलीस तुकडीत. लढाईत नाही. मी गाडी चालवायचो."

"फक्त गाडी चालवायचा," फ्राउ श्टेगमान म्हणाली.

"गाडीत काय असायचं?"

त्यानं बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "फ्रॉलाइन, सूप निवतंय."

"जाताना माणसं असायची," तो म्हणाला.

"आणि येताना?"

शेगडीत कोळसा खाली बसल्याचा आवाज झाला.

"येताना कपडे."

तो ते मुद्दाम हळू बोलला नाही की ओरडूनही नाही. पत्ता सांगावा तसं सांगितलं. एल्माला तो चेहरा भयंकर दिसायला हवा होता. ती वाट पाहत राहिली. पण समोर एक दमलेला माणूस होता आणि त्याच्या कॉलरला बायकोनं नीट इस्त्री केली होती. तिच्या डोक्यात खाली मान घातलेली इल्से आली आणि 'आम्ही बरे आहोत' हे कार्ड आलं. आत्ता उठायला हवं. चढाच्या पायथ्याशी, ट्रॅम थांबते तिथे, लष्करी पोलिसांची चौकी आहे. उतारावर सात मिनिटं. कोट खुंटीला आहे. हे दोघं अडवणार नाहीत. अडवण्यासारखे दिसत नाहीत.

"तुमची कचेरी सोमवारीच उघडते ना?" कुर्ट श्टेगमाननं विचारलं.

"हो," एल्मा म्हणाली.

त्यानं मान डोलावली, पुन्हा एकदा लववली आणि तो खाली गेला. फ्राउ श्टेगमान उठली. तिनं खुर्ची जागेवर सरकवली, बशी उचलून सूप परत गरम केलं आणि आणून ठेवलं. एल्मानं ते शेवटच्या थेंबापर्यंत खाल्लं. नंतर कितीतरी दिवस तिला बाकी कशाचं नाही, त्या सूपचं आश्चर्य वाटत राहिलं.

रविवारी ती दुपारपर्यंत पांघरुणात पडून होती. खालून खोकला आला नाही. दोन वाजता ती उठली आणि आयुष्यात पहिल्यांदा तळघराचा जिना उतरली. दाराला कुलूप नव्हतं. कोपऱ्यात घडीची खाट मिटून ठेवली होती, जमीन साबणानं धुतलेली आणि अजून ओली. वर आली तेव्हा फ्राउ श्टेगमान शेगडीतली राख काढत होती. "कोळसा पाहायला गेला होतात का?" ती वळून न बघता म्हणाली. "पुरेल मार्चपर्यंत." तेव्हा एल्माला स्वतःच्या त्या 'हो'चा अर्थ लागला. त्यानं वेळ मागितली होती आणि तिनं दिली होती. ओरडून, धमकावून, गयावया करून नाही. सभ्यपणे मागितली आणि तिनं सभ्यपणे दिली.

सोमवारी पावणेनऊला इल्से कोट काढत असतानाच एल्मानं तिला सगळं सांगितलं. गाडीचं सांगितलं. कपड्यांचंही. इल्सेचा एक हात कोटाच्या बाहीत अडकला होता. तो तिनं बाहेर काढला नाही.

"शनिवारी मी तुझ्या शेजारी बसले होते," ती म्हणाली.

"हो."

"मी विचारलं तुला. कुत्रा म्हणालीस."

"इल्से, मला आधी खात्री करायची होती की..."

"कसली खात्री? तू त्यांच्या मनातून उतरलीस का नाही याची?" तिचा आवाज चढला नाही. "चल वर. मी येते बरोबर. एकटी गेलीस तर तिथेही गोड बोलशील."

वरच्या मजल्यावर लूमिस नावाचे साहेब होते, ओहायोचे, पोटाचा विकार असलेले, रागवायचा कंटाळा करणारे. त्यांनी पत्र दोनदा वाचलं. "मिस रॅटके, तपासणीतलं पत्र तुम्ही पिशवीत घालून घरी नेलंत. एवढं फक्त सांगा, का?"

"पत्रात मी होते, सर."

लूमिसनी चष्मा काढून डोळे चोळले. नोकरी त्या दिवशीच गेली. अमेरिकेला परतायचं मार्चअखेरच्या बोटीचं तिकीट निघालं, ब्रेमरहाफेन बंदरातून. पोलिसांनी तळघर पाहिलं, ते धुतलेलंच होतं. फ्राउ श्टेगमानला दोन दिवस ठेवून सोडलं. तिनं एकच सांगितलं : माझा नवरा पूर्वेकडे मेला, त्याचा दाखला माझ्याकडे आहे, पत्रातला क. म्हणजे एक आजारी निर्वासित, नाव विचारलं नाही, दया आली. एल्माला दुसरीकडे, बायकांच्या वसतिगृहात खाट मिळाली. तिथे ती खिडकीशी बसून राही. रोज संध्याकाळी ठरवी की उद्या इल्सेला भेटायचं, आणि सकाळी जाववत नसे.

तीन आठवड्यांनी इल्सेच आली. बसली नाही.

"एक माणूस सापडलाय. उत्तरेकडच्या एका लहान स्टेशनवर. कागदपत्रं ओटो वेंडलांटची. क्योनिग्सबेर्गचा, पुस्तकं बांधणारा. तिथे जाऊन विचारणार कुणाला? रशियन आहेत तिथे. श्टेगमान बाईला दाखवला, तर ती म्हणते, कधी पाहिला नाही. डोळ्याची पापणी लवली नाही तिची."

"शेजारी?"

"शेजाऱ्यांना आठवत नाही. कुणालाच काही आठवत नाही या गावात." इल्से खिडकीबाहेर पाहत होती. "त्याला कुर्ट श्टेगमान म्हणून बघितलेलं एकच माणूस आहे. तू नाही म्हणालीस तर तो सुटेल आणि पुस्तकं बांधत म्हातारा होईल. तुझी बोट गुरुवारी आहे. कुणी तुला जबरदस्ती करणार नाही."

"तू आलीस ती त्यांनी पाठवलं म्हणून?"

"नाही," इल्से म्हणाली. "मला आज पाठवलंय ते फक्त बुधवारच्या बोलावण्याची चिठ्ठी द्यायला. बोलायला मी माझी आले."

बुधवारी सकाळी एका शाळेच्या व्यायामशाळेत सहा माणसं भिंतीशी उभी केली होती. सहाही वाळलेले, सहाही चाळिशी-पन्नाशीचे, एकाच रंगाचे कोट. उंच खिडक्यांतून उजेड सरळ त्यांच्या तोंडावर पडत होता. एल्माला वाटलं होतं ओळखायला वेळ लागेल, निदान मन तशी पळवाट तरी देईल. तसं काही झालं नाही. तो चौथा होता. दाढी वाढलेली, गालाची हाडं वर आलेली. त्यानं तिला पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्यावर भीती आली नाही. उलट तो सैलावला. ही आहे ना, मग काही काळजी नाही, असा विश्वास त्या नजरेत होता. शिव्या घातल्या असत्या तर सोपं गेलं असतं. तिच्या ओठांवर आपोआप हसू यायला लागलं, जन्मभर यायचं तसं. ते तिनं आत ओढून घेतलं, इतकं की जबडा दुखला.

"सावकाश सांगा," अधिकारी म्हणाला. "यातला कुणी ओळखीचा?"

"चौथा. कुर्ट श्टेगमान. घराच्या तळघरात राहत होता. बायकोसमोर त्यानं मला स्वतःचं नाव सांगितलं. पोलंडमध्ये गाडी चालवत होता, हेही सांगितलं. जाताना माणसं आणि येताना कपडे."

"खात्री आहे?"

"हो."

चौथ्यानं डोळे मिटले. बाकीचे पाच जण समोर पाहत राहिले.

सही करून ती बाहेर पडली. ओसरीसारख्या लांब बोळात शाळेतल्या मुलांचा एकच ठेंगणा बाक होता आणि त्यावर फ्राउ श्टेगमान बसली होती, मांडीवर हात, शेजारी कापडी पिशवी. दार उघडं होतं. आतलं सगळं तिला ऐकू आलं असणार. बोळाच्या दुसऱ्या टोकाला इल्से उभी होती, पाठमोरी. फ्राउ श्टेगमाननं मान वर केली. चेहऱ्यावर काहीच नव्हतं, राग नाही की रडं नाही. तिनं पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि बाकाच्या कडेला सरकली.

"बसा फ्रॉलाइन," ती म्हणाली. "पाय थरथरतायत तुमचे."

खरंच थरथरत होते. जागा दोघींपुरती होती. एल्मानं भिंतीला हात टेकला आणि ती उभी राहिली.